मुलींनी भरलेला वारसा कर

सरकारने एस्टेट ड्युटी रद्द केली त्या वसंतात मी चंदीगडच्या विद्यापीठात राजस्व शिकवत होते, आणि माझा पारा कायम चढलेला असायचा. कायद्यातलं नाव एस्टेट ड्युटी. आम्ही वर्गात त्याला सरळ वारसा कर म्हणायचो. माणूस मेला की त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर. त्यातून सरकारला मिळत होतं फार थोडं आणि वसूल करताना दमछाक होत होती ती वेगळीच, म्हणून तो काढून टाकला. स्टाफरूममध्ये सगळे खूश. ज्यांच्याकडे सोडून जायला एक स्कूटर आणि दोन गोदरेजची कपाटं होती तेही खूश. मी एकटी भांडत होते. जन्मायचं आयत्या घरात आणि वर म्हणायचं की हे माझं, याचा मला कोल्हापूरला माहेरी असल्यापासूनच राग होता.

खाली राहणाऱ्या घरमालकांना मी हे सगळं ऐकवत असे. त्यांना सगळे दारजी म्हणत, तसं आम्हीही म्हणायचो. कालवे खात्यात ओव्हरसियर होते, निवृत्त होऊनही बराच काळ झाला होता. पांढरी दाढी, कडक इस्त्रीची निळी पगडी, आणि बागेत काम करतानाही पायात बूट. माझं व्याख्यान शांतपणे ऐकून ते म्हणायचे, "पुत्तर, मुझे टैक्स का मत समझा. सैंतालीस में लायलपुर से चले तो सौ का सौ कट गया. रसीद भी नहीं मिली." आणि हसायचे. हा त्यांचा फाळणीवरचा ठरलेला विनोद होता. नवा पाहुणा आला की त्याला एकदा ऐकावाच लागायचा.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. नवरा सरकारी इस्पितळात डॉक्टर, मूळचा नागपूरचा. मुलगी आठ-नऊ वर्षांची. मी मराठीत रागवायचे आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. खाली दारजी, त्यांची बायको बीजी आणि मुलगी. ही मुलगी सेक्टर बावीसच्या एका शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बहनजी म्हणायची, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. लग्न केलं नव्हतं. बीजींना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचं सगळं तीच करायची. सकाळी आईला न्हाऊमाखू घालून, खुर्चीत बसवून, वेणी घालून मग शाळेत. मी वरून कपडे वाळत घालताना बघायचे. मला घाईघाईने स्वतःची वेणीही धड जमायची नाही.

दिल्लीला बहनजीचा धाकटा भाऊ होता. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, वर राहायची जागा. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांवर जे हल्ले झाले त्यात दुकान आणि घर दोन्ही जळालं. बायको आणि दोन मुलांना घेऊन तो चंदीगडला आला तेव्हा त्याचे केस कापलेले होते. जीव वाचवायला कापावे लागले होते. आल्यापासून तो ते पुन्हा वाढवत होता आणि ते पुरेसे वाढेपर्यंत डोक्याला पटका बांधून बसायचा. बोलायचा फार कमी. बहनजीने स्वतःची खोली त्याच्या कुटुंबाला दिली आणि ती बीजींच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपायला लागली.

मे महिन्यात बीजी गेल्या. घर त्यांच्या नावावर होतं. तेव्हा नोकरदार माणसं घर बायकोच्या नावावर बांधायची, ते हिशेबाला बरं पडायचं. मृत्युपत्र काही नव्हतं. म्हणजे कायद्याने घर तिघांचं: दारजींचं, मुलाचं आणि मुलीचं. भोगाला, म्हणजे दिवसांनंतरच्या पाठाला, जमलेल्या नातेवाइकांपैकी एक काका माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रोफेसर साहब, चंगा होया, टैक्स तो बच गया." बीजी दोनतीन महिने आधी गेल्या असत्या तर ड्युटीच्या कचेरीत खेटे घालावे लागले असते, हे खरंच होतं. पण ती वेळ भांडायची नव्हती.

पुढचं जे ठरलं ते कुणी ठरवलं असं मला सांगता येणार नाही. ते ठरलेलंच होतं. बहनजी आपला हिस्सा भावाला सोडून देणार, दारजीही सोडणार, घर मुलाच्या नावावर होणार. आपल्याकडे ज्याला हक्कसोडपत्र म्हणतात तेच तिथेही. दारजींनी आम्हाला नवराबायकोला बोलावून सांगितलं की गणपती झाले की एक दिवस कचेरीत यावं लागेल, साक्षीदार म्हणून. बहनजी तिथेच बसून डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "तिला कुणी विचारलं का रे?"

"तू काऊन मध्ये पडतेस?" तो म्हणाला. "तुला तरी कुणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. माझे वडील गेले तेव्हा कोल्हापूरला तलाठ्यापुढे मी आणि माझ्या दोन्ही बहिणींनी सह्या केल्या होत्या आणि वहिनीने आम्हाला एकेक इरकल नेसवलं होतं. चांगलं होतं इरकल. हे मी कधीतरी बहनजीला गमतीत सांगितलं होतं, आणि तिने ते लक्षात ठेवलं होतं, हे मला पुढे कळलं.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींचा गणपती आमच्याच दिवाणखान्यात बसला. एरवी सभागृह घ्यायचो. पण दिवस दहशतवादाचे होते. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे, चौकाचौकात वाळूची पोती, स्कूटरवर मागे कुणाला बसवायचं नाही, पिशवी उघडून दाखवायची. कोण येणार सभागृहात? घरी बसवू, दुपारी कार्यक्रम उरकू, उजेडात सगळे आपापल्या घरी, असं ठरलं. दारजींची परवानगी मागितली तर ते उलट मलाच रागावले. त्यांच्या घरात देव येणार तर परवानगी कसली.

आपली मराठी माणसं तीन जमली की नाटक बसवतात आणि पाच जमली की वादविवाद स्पर्धा. त्यात चंदीगडमधली मंडळी म्हणजे डॉक्टर, संशोधक, प्राध्यापक आणि वसतिगृहातली पोरं. बोलायची हौस अफाट. विषय अर्थातच मी दिला: वारसा कर रद्द केला हे योग्य झाले. नियम आपले नेहमीचे. बाजू स्वतः निवडायची नाही. आयत्या वेळी चिठ्ठी उचलायची आणि जी बाजू येईल ती मनापासून मांडायची, पटो वा न पटो. वेळ संपली की घंटा, म्हणजे आमच्याकडे वाटी आणि चमचा. दोन्ही माझ्या हातात.

अध्यक्ष म्हणून दारजींना बसवलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण आमच्यातले सगळे बोलता बोलता अर्धं हिंदीतच घसरायचे, त्यामुळे अडणार नव्हतं. एक बालरोगतज्ज्ञ बोलणार होते, त्यांना ऐन वेळी इस्पितळातून बोलावणं आलं. एक वक्ता कमी पडला. मी आजूबाजूला बघत होते तेवढ्यात मोदकांचं ताट घेऊन उभी असलेली बहनजी म्हणाली, "भाभीजी, मी बोलू?"

पंधरा वर्षं वर-खाली करून तिला मराठी बऱ्यापैकी कळायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चिठ्ठ्यांची वाटी पुढे केली. तिने एक उचलली, उलगडली आणि मला दाखवली. 'विरुद्ध' लिहिलं होतं. म्हणजे कर रद्द केला ते चुकलं, असं तिने मांडायचं.

आधी एक सर्जन बोलले, अमरावतीचे. त्यांना चिठ्ठीही आवडीची आली होती. बापाने घाम गाळून उभं केलेलं घर मुलाकडे जाताना सरकारने मध्ये हात का घालावा, असा त्यांचा सूर होता. टेबलावर मूठ आपटून बोलले, छान बोलले. मग नांदेडचा एक विद्यार्थी विरुद्ध बाजूने माझीच वर्गातली टिपणं पाठ म्हणून गेला. मग बहनजी उठली. तिने ताट खाली ठेवलं, ओढणी सारखी केली, आणि वर्गात गणित समजावून सांगताना बोलावं तशी हिंदीत बोलायला लागली.

ती म्हणाली, डॉक्टरसाहेब म्हणाले, बापाकडून मुलाकडे. सगळं भाषण ऐकलं मी, त्यात मुलगी कुठे आली नाही. हिशेबात एक आकडा सुटला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून आधी तो आकडा मांडते.

लोक हसले. मीही हसले.

"दारजी कहते हैं, सैंतालीस में सौ का सौ कट गया," ती म्हणाली. "उन्होंने एक बार भरा. हम हर पीढ़ी में भरती हैं."

त्यानंतर हसायला कुणी उरलं नाही. तुम्ही म्हणता कर रद्द झाला, ती सांगत होती. कुणाचा झाला? मुलींवर वारसा कर कायम आहे, आणि तोही सगळाच्या सगळा. त्यालाही कचेरी आहे, तारीख आहे, स्टॅम्प आहे, दोन साक्षीदार आहेत. आमच्याकडे पोचपावती म्हणून एक सलवार-सूट मिळतो. भाभीजींच्या महाराष्ट्रात साडी मिळते. आणि सगळ्यात वर लिहावं लागतं, राज़ी-ख़ुशी. इन्कम टॅक्सवाले पैसे घेतात, पण निदान हसत हसत दिले असं लिहून मागत नाहीत.

खोलीत बायका बऱ्याच होत्या. रत्नागिरीच्या, सांगलीच्या, अकोल्याच्या. सणाच्या म्हणून सगळ्या नेसून-सवरून आलेल्या. एकीनेही शेजारणीकडे बघितलं नाही. इतकी वर्षं मी हा विषय शिकवत होते, करांचे प्रकार फळ्यावर लिहीत होते, आणि ज्या कराचा मी स्वतः सही करून भरणा केला तो मला कधी कर वाटलाच नव्हता. हे तिने चिठ्ठी उचलल्यापासून उभं राहीपर्यंतच्या वेळात शोधून काढलं होतं का? की कधीपासून तिच्याजवळ तयार होतं?

दाराशी तिचा भाऊ उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ज्याचं जळालं त्याला द्यायलाच पाहिजे, ती म्हणाली. मागितलं तर मी आधी देईन. "पर देना एक बात है, और लिया जाना दूसरी. देने वाले से पहले पूछते हैं." एवढं बोलून तिने मोदकांचं ताट पुन्हा उचललं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

घंटा वाजवायची मी विसरले होते. टाळ्याही वाजल्या नाहीत.

अध्यक्षांनी निकाल द्यायचा होता. दारजी दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले तर ते उठले आणि सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "नतीजा मैं नहीं दे सकता जी. जज तो बाहर का होना चाहिए. मैं इस मुकदमे में खुद खड़ा हूँ." आणि जिना उतरून खाली गेले. आरती आम्ही त्यांच्याशिवाय केली.

दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते तेव्हा ते वर आले. एरवी दारातूनच हाक मारायचे. त्या दिवशी आत येऊन खुर्चीवर बसले.

"पुत्तर, यह पर्ची वाला रिवाज पक्का है? जो निकले, वही बोलना पड़ता है?"

मला वाटलं त्यांना आधार हवा आहे. मी घाईने सांगितलं की हो, पक्का. ती स्पर्धा असते, त्यात मनातलं काही नसतं, उलट बाजू आली असती तर तिने कर रद्द झाल्याचं कौतुक केलं असतं. मी फार समजूतदारपणे बोलत होते.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "मतलब, दूसरी पर्ची निकलती तो यह बात वो कभी न बोलती."

मी हातातली मेथी खाली ठेवली.

"एक ही छत के नीचे रहते हैं," ते म्हणाले. "रोटी मेरे सामने वो रखती है. और अपने बाप से बोलने के लिए उसे पर्ची चाहिए थी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मी म्हटलं, दारजी, मग कचेरीतलं रद्द करून टाका, घर तिघांचं राहू द्या. त्यांनी मान हलवली. "मैं रद्द करूँ, तो वो भी मेरा फ़ैसला हुआ. उसका कब होगा?"

मोठी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. व्यासपीठावर, दीक्षान्त समारंभात. पण त्या दिवशी माझ्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या त्या म्हाताऱ्याइतकं मोठं कुणी मला दिसलं नाही. मी वाकून नमस्कार केला. ते गडबडले. त्यांच्यात मुलींना पाया पडू देत नाहीत.

विसर्जन झालं आणि ठरल्या दिवशी आम्ही पाच जण कचेरीत गेलो. फाटकावर जवानाने नवऱ्याची बॅग उघडून स्टेथोस्कोपसुद्धा उलटा-सुलटा करून बघितला. आवारात झाडाखाली टाइपरायटर मांडून अर्जीनवीस बसले होते, लोकांचे दस्त लिहून देणारे. आमच्या अर्जीनवीसाने कागद आधीच तयार ठेवला होता. भाऊ नव्याने पगडी बांधून आला होता. वर्षभराने पहिल्यांदा, अजून नीट बसत नव्हती. घरातून निघाल्यापासून भाऊ-बहीण एकमेकांशी बोलले नव्हते.

अर्जीनवीसाने भराभर वाचलं. अमुक घराची वारस मी, माझा हिस्सा भावाच्या नावे, कुणाच्या दबावाशिवाय, राज़ी-ख़ुशी. वाचून कागद तिच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

"पहले पूछो इससे," दारजी म्हणाले.

"लिखा हुआ है सरदारजी, राज़ी-ख़ुशी."

"लिखा तुमने है. पूछो."

अर्जीनवीसाने आमच्याकडे बघितलं. त्याच्या मागे आणखी लोक ताटकळत होते. शेवटी चष्मा काढून त्याने विचारलं, बहनजी, राज़ी-ख़ुशी?

दारजी जवळच्या बाकावर बसले आणि त्यांनी आम्हालाही बसायची खूण केली. "आराम से सोच ले, पुत्तर," ते तिला म्हणाले. "आज कोई पर्ची नहीं है."

आजूबाजूला टाइपरायटर चालले होते. कुणीतरी चहा आणला, कुणी घेतला नाही. मला तिच्याकडे बघवेना. नाही म्हणाली तर जळून आलेल्या भावाचं छप्पर मागितलं असं लोक म्हणणार. हो म्हणाली तर उद्यापासून ती ज्या घरात आईला न्हाऊ घालत आली त्या घरात भावाची पाहुणी. नवरा माझा हात धरून बसला होता, चारचौघांत, जे त्याने कधी केलं नव्हतं.

"नहीं जी," ती म्हणाली.

फार हळू म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, नीट ऐकू येईल असं. आणि भावाकडे वळली. "तू रह, वीरे. जब तक चाहे रह, तेरे बच्चे रहें. मैं कभी नहीं कहूँगी जा. पर मेरा हिस्सा मेरे नाम रहेगा."

भाऊ उठला. मला भीती वाटली. त्याने टेबलावरचं पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि अर्जीनवीसाच्या खिशात नीट खोचून दिलं. "माँगा तो मैंने भी नहीं था," तो म्हणाला. "मुझसे भी किसी ने नहीं पूछा." वर्षभरात त्याचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. बहिणीने हात पुढे करून त्याची कलती पगडी सारखी केली.

दारजी उठून टेबलाशी आले. "अब यह लिखो," ते अर्जीनवीसाला म्हणाले, "कि लड़की का हिस्सा लड़की के पास है. ये दोनों गवाह हैं."

अर्जीनवीस चिडला होता. सकाळ वाया गेली होती त्याची. "इसका कोई कागज़ नहीं बनता, सरदारजी. छोड़ने का बनता है. रखना हो तो घर जाइए."

"कुछ नहीं लिखना?" बहनजीने विचारलं.

"कुछ नहीं."

"साइन भी नहीं?"

"कहा ना, कुछ नहीं."

ती तिथेच बाकावर बसली. तिने तोंडावर ओढणी धरली आणि ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, आवाज करून. आईच्या वेळीही ती अशी रडली नव्हती. दारजी तिच्याशेजारी बसले. भाऊ दुसऱ्या बाजूला बसला. आम्ही दोघं साक्षीदार समोर उभे होतो, आणि आमच्या सहीची कुणालाच गरज उरली नव्हती.